शिलारसाचे संघटन व ज्वालामुखी उद्गिरण
भूपृष्ठाखाली खोल जागी खडक वितळून तयार झालेल्या तप्त द्रव्यास शिलारस म्हणतात. शिलारस हा निव्वळ द्रव नसतो. सिलिकेटी द्रव, त्यात तरंगणारे खनिजांचे स्फटिक आणि द्रवात विरघळलेले किंवा बुडबुड्यांच्या रूपात असलेले वायू अशा तीन घटकांचे ते मिश्रण असते. शिलारस भूपृष्ठावर येऊन त्यातील बरेचसे वायू निघून गेले म्हणजे त्यास लाव्हा म्हणतात. शिलारस, वायू व खडकांचे तुकडे भूपृष्ठावर बाहेर पडण्याच्या क्रियेला उद्गिरण ही संज्ञा आहे [→ ज्वालामुखी].

सर्व ज्वालामुखींची उद्गिरणे सारखी नसतात. हवाई बेटावरील किलाउएआ ज्वालामुखीच्या पूर्व भागातून १९८३ ते २०१८ अशी सु. ३५ वर्षे जवळजवळ अखंडपणे लाव्हा वाहत होता. त्यामुळे घरे व रस्ते गाडले गेले. परंतु बहुतेक वेळा लोकांना वाटेतून दूर होण्यास अवधी मिळाला. याउलट वेस्ट इंडीजमधील मार्तीनीक बेटावरील मौंट पेले या ज्वालामुखीतून ८ मे १९०२ रोजी सकाळी तप्त वायू, राख व खडकांचे तुकडे यांचा लोट उतारावरून खाली आला आणि त्याने सेंट पिअर हे शहर काही मिनिटांत उद्ध्वस्त केले. त्यात सु. २८,००० लोक मृत्युमुखी पडले. या दोन प्रकारांतील फरकाचे मूळ बऱ्याच अंशी शिलारसाच्या रासायनिक संघटनात आहे. किलाउएआचा शिलारस बेसाल्टी व प्रवाही होता, तर मौंट पेलेचा अँडेसाइटी व दाट होता. संघटनाचा उद्गिरणावर कसा परिणाम होतो आणि त्यावरून धोक्याचा अंदाज कोठपर्यंत करता येतो, हे प्रस्तुत नोंदीत सांगितले आहे.

रासायनिक संघटन व प्रकार : बहुतेक सर्व शिलारसांत सिलिका (सिलिकॉन डाय-ऑक्साइड) हा मुख्य घटक असतो. त्याखेरीज ॲल्युमिनियम, लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम, सोडियम व पोटॅशियम यांची ऑक्साइडे असतात. सिलिकेच्या वजनी प्रमाणावरून शिलारसाचे ढोबळमानाने चार प्रकार केले जातात. बेसाल्टी शिलारसात सु. ४५ ते ५२ टक्के, अँडेसाइटी शिलारसात सु. ५७ ते ६३ टक्के, डेसाइटी शिलारसात सु. ६३ ते ६९ टक्के आणि रायोलाइटी शिलारसात त्याहून अधिक सिलिका असते. बेसाल्ट व अँडेसाइट यांच्या दरम्यानच्या प्रकारास बेसाल्टी अँडेसाइट म्हणतात. हे प्रकार एकमेकांपासून तुटक नसून त्यांत क्रमाक्रमाने बदल होत जातो. सिलिकेचे प्रमाण वाढत जाते तसे लोह, मॅग्नेशियम व कॅल्शियम यांचे प्रमाण घटत जाते आणि सोडियम व पोटॅशियम यांचे प्रमाण सामान्यतः वाढत जाते. त्यामुळे बेसाल्ट हा काळसर व जड, तर रायोलाइट हा फिकट व तुलनेने हलका खडक असतो.

तापमानातही असाच क्रम आढळतो. बेसाल्टी शिलारसाचे तापमान सु. १,१०० ते १,२०० से., अँडेसाइटीचे सु. ९५० ते १,१०० से. आणि रायोलाइटीचे सु. ७०० ते ९०० से. असते. म्हणजे ज्या शिलारसात सिलिका अधिक असते तो बहुधा कमी तप्तही असतो. या दोन्ही गोष्टी त्याचा दाटपणा वाढविण्यास कारणीभूत होतात.

संघटन भिन्न असण्याची कारणे : पृथ्वीच्या प्रावरणातील खडक अंशतः वितळून मुख्यत्वे बेसाल्टी शिलारस तयार होतो. मध्य-महासागरी पर्वतरांगांखाली प्रावरणाचे द्रव्य वर येताना त्यावरील दाब कमी होतो व ते वितळते. जेथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतो तेथे खाली जाणाऱ्या भूपट्टातून पाणी मुक्त होऊन वरच्या प्रावरणात शिरते आणि त्यामुळे तेथील खडकांचा वितळबिंदू कमी होतो. म्हणून अशा ठिकाणचा बेसाल्टी शिलारस मुळातच जलयुक्त असतो. मध्य-महासागरी बेसाल्टी शिलारसात पाण्याचे प्रमाण सामान्यतः अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते, तर भूपट्ट खाली घुसण्याच्या क्षेत्रांत ते २ ते ६ टक्के असू शकते.

हा शिलारस कवचात साठून थंड होऊ लागला म्हणजे त्यातून प्रथम ऑलिव्हीन, पायरोक्सीन व कॅल्शियमयुक्त फेल्स्पार यांसारखी सिलिका कमी असलेली खनिजे स्फटिकरूपाने अलग होतात. उरलेल्या द्रवात सिलिकेचे प्रमाण वाढत जाते. या क्रियेस भागशः स्फटिकीभवन म्हणतात. नॉर्मन लेव्ही बोएन यांनी प्रयोगशाळेतील प्रयोगांच्या आधारे तिची मीमांसा केली आणि अग्निज खडकांच्या क्रमविकासावरील आपल्या १९२८ सालच्या ग्रंथात ती सविस्तर मांडली. याशिवाय कवचातील खडक वितळून शिलारसात मिसळल्यानेही सिलिका वाढते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने भागशः स्फटिकीभवनाचा आणखी एक परिणाम महत्त्वाचा आहे. प्रथम अलग होणाऱ्या खनिजांत पाणी जवळजवळ नसते. त्यामुळे पाणीही उरलेल्या द्रवातच साठत जाते. अशा रीतीने ज्या क्रियेमुळे शिलारस दाट होतो, तिच्यामुळेच तो वायूंनी समृद्धही होतो. सिलिकायुक्त शिलारसाची स्फोटकता या दुहेरी बदलातून उद्भवते.

सिलिका व श्यानता : प्रवाहास विरोध करण्याच्या द्रवाच्या गुणधर्मास श्यानता (दाटपणा) म्हणतात. सिलिकेटी द्रवात सिलिकॉनाचा एक अणू ऑक्सिजनाच्या चार अणूंनी वेढलेला असून त्यांचा चतुष्फलक बनतो. शेजारचे दोन चतुष्फलक एका ऑक्सिजन अणूत भागीदार होऊन एकमेकांस जोडले जातात. सिलिका जितकी अधिक तितके हे जोड अधिक असतात आणि द्रवात सर्व दिशांनी पसरलेली जाळी तयार होते. द्रव वाहण्यासाठी हे जोड सतत तुटावे व पुन्हा जुळावे लागतात. लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम व सोडियम यांचे आयन या जाळीत शिरून जोड तोडतात. म्हणून ज्यात सिलिका कमी व हे आयन अधिक असतात तो बेसाल्टी द्रव सहज वाहतो.

श्यानतेतील हा फरक प्रचंड आहे. बेसाल्टी शिलारसाची श्यानता सामान्यतः १० ते १०० पास्काल-सेकंद, म्हणजे पाण्याच्या सु. दहा हजार ते एक लक्ष पट असते. मध किंवा काकवी यांच्याशी तिची तुलना करता येईल. रायोलाइटी शिलारसाची श्यानता दहा लाख पास्काल-सेकंद किंवा त्याहून कितीतरी अधिक असते. वायू निघून गेलेला रायोलाइटी लाव्हा इतका दाट असतो की, तो मुखाजवळच साचून त्याचा घुमट बनतो.

विरघळलेले पाणीसुद्धा चतुष्फलकांमधील जोड तोडते. रायोलाइटी द्रवात काही टक्के पाणी विरघळले तर त्याची श्यानता लक्षावधी पटींनी कमी होऊ शकते. म्हणून खोल जागी असलेला जलयुक्त शिलारस बराच प्रवाही असतो. तो वर येताना पाणी बाष्परूपाने बाहेर पडते आणि तो वेगाने दाट होत जातो. पाणी निघून गेल्याने द्रवाचे गोठण्याचे तापमानही वाढते. परिणामी त्यात सूक्ष्म स्फटिक तयार होऊन दाटपणात आणखी भर पडते. स्फटिकांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास गेले म्हणजे शिलारस जवळजवळ वाहीनासा होतो.

बाष्पनशील घटक : शिलारसात विरघळलेल्या व दाब कमी होताच वायुरूप धारण करणाऱ्या घटकांस बाष्पनशील घटक म्हणतात. त्यांत पाणी सर्वांत महत्त्वाचे असून त्याखालोखाल कार्बन डाय-ऑक्साइड व गंधकाची संयुगे येतात. क्लोरीन व फ्ल्युओरीन अल्प प्रमाणात असतात. या घटकांची विद्राव्यता मुख्यतः दाबावर अवलंबून असते. सु. सात ते आठ किमी. खोलीवरील दाबाखाली रायोलाइटी द्रवात सु. ६ टक्के पाणी विरघळलेले राहू शकते. भूपृष्ठावरील दाबाखाली मात्र केवळ ०.१ टक्क्याच्या आसपास पाणी त्यात राहते. उरलेले सर्व पाणी वर येताना वाफेच्या रूपात अलग होणे अपरिहार्य असते. कार्बन डाय-ऑक्साइडाची विद्राव्यता पाण्याहून खूपच कमी असल्याने तो अधिक खोलीवरच अलग होऊ लागतो.

सोडावॉटरच्या बाटलीचे बूच काढताच दाब कमी होऊन बुडबुडे उसळतात, तसाच हा प्रकार असतो. परंतु शिलारसातील प्रसरण फार मोठे असते. ९०० से. तापमानाच्या व ५ टक्के पाणी असलेल्या १ घ. मी. रायोलाइटी शिलारसातील सर्व पाणी वातावरणीय दाबाखाली वाफेत रूपांतरित झाले, तर त्या मिश्रणाचे आकारमान ६०० घ. मी. हून अधिक होते. स्फोटक उद्गिरणामागील ऊर्जा या प्रसरणातून मिळते.

उद्गिरणाची यंत्रणा : उद्गिरण शांत की स्फोटक होईल, हे बुडबुड्यांतील वायू शिलारसातून किती सहजपणे निसटू शकतो यावर ठरते. प्रवाही बेसाल्टी शिलारसात बुडबुडे द्रवाहून अधिक वेगाने वर चढतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात व मुखाशी येऊन फुटतात. त्यामुळे लाव्ह्याची कारंजी उडतात किंवा थांबून थांबून लहान स्फोट होतात. इटलीजवळच्या स्ट्राँबोली बेटावरील ज्वालामुखीत असे स्फोट शतकानुशतके होत आले आहेत.

दाट शिलारसात बुडबुडे अडकून पडतात व द्रवाबरोबरच वर येतात. दाब जसजसा घटतो तसतसे ते फुगतात. परंतु भोवतालचा दाट द्रव त्यांच्या प्रसरणास विरोध करतो आणि त्यांच्यातील दाब वाढत जातो. बुडबुड्यांनी शिलारसाचा सु. तीन-चतुर्थांश भाग व्यापला किंवा प्रसरणाचा वेग द्रवाच्या वाहण्याच्या क्षमतेबाहेर गेला म्हणजे बुडबुड्यांमधील पातळ भित्ती काचेसारख्या तडकतात. या टप्प्याला शिलारसाचे विखंडन म्हणतात. येथपर्यंत बुडबुडे असलेला द्रव होता, येथून पुढे द्रव-कण वाहून नेणारा वायू होतो. हे मिश्रण सेकंदाला शेकडो मी. वेगाने मुखातून बाहेर पडते. भित्तींचे बारीक तुकडे म्हणजे ज्वालामुखी राख होय, तर बुडबुड्यांसह गोठलेल्या फेसाळ तुकड्यांना पमिस म्हणतात. पमिसाचे अनेक तुकडे पाण्यावर तरंगतात.

बाहेर पडलेले मिश्रण हवा शोषून हलके झाले तर त्याचा स्तंभ वातावरणात दहापट किमी. उंच चढतो. ते हवेपेक्षा जडच राहिले तर स्तंभ कोसळतो आणि तप्त वायू व खडकांचे तुकडे यांचे अग्निदलिक प्रवाह जमिनीलगत धावत सुटतात. त्यांचा वेग ताशी १०० किमी. हून अधिक व तापमान कित्येक शतांश असू शकते. दाट लाव्ह्याचा घुमट ढासळूनही असे प्रवाह निर्माण होतात. मौंट पेलेच्या उद्गिरणाचा अभ्यास करून फ्रेंच भूवैज्ञानिक आल्फ्रेड लाक्र्वा यांनी या प्रकाराचे प्रथम तपशीलवार वर्णन केले. त्या उद्गिरणानंतर मुखातून जवळजवळ घट्ट झालेल्या लाव्ह्याचा सुळका ३०० मी. हून अधिक उंच वर आला होता. तेथील शिलारसाच्या दाटपणाचा तो दृश्य पुरावाच होता.

संघटनानुसार उद्गिरणे : (१) बेसाल्टी : बेसाल्टी लाव्हा दूरवर पसरत असल्याने मंद उताराचे, ढालीच्या आकाराचे ज्वालामुखी तयार होतात. हवाई बेटावरील ४,१६९ मी. उंचीचा मौना लोआ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. गुळगुळीत वा दोरखंडासारख्या पृष्ठाच्या लाव्ह्यास पाहोएहोए व खडबडीत, अणकुचीदार पृष्ठाच्या लाव्ह्यास आआ ही हवाई भाषेतील नावे रूढ आहेत. एकाच लाव्ह्याचे संघटन न बदलता तो थंड व दाट होताना पाहोएहोएचे रूपांतर आआमध्ये होऊ शकते.

(२) अँडेसाइटी व डेसाइटी : हे शिलारस पॅसिफिक महासागराभोवतालच्या ज्वालामुखींत विपुल आढळतात. लाव्ह्याचे आखूड व जाड प्रवाह आणि राखेचे थर एकावर एक साचून उंच, तीव्र उताराचे शंकू बनतात. उद्गिरणांत मोठा पालट आढळतो. तोच ज्वालामुखी कधी घुमट उभारतो, तर कधी भीषण स्फोट करतो.

(३) रायोलाइटी : ही उद्गिरणे तुलनेने विरळ असली, तरी त्यांपैकी काहींचे आकारमान प्रचंड असते. फार मोठ्या प्रमाणात शिलारस बाहेर पडल्यास वरचे भूपृष्ठ खचून विस्तीर्ण महाकुंड तयार होते. अमेरिकेतील यलोस्टोन व न्यूझीलंडमधील टाउपो ही त्याची उदाहरणे होत. वायू आधीच निसटून गेलेला रायोलाइटी लाव्हा मात्र शांतपणे बाहेर पडून ऑब्सिडियन या काचेच्या स्वरूपात गोठतो.

(४) असामान्य : काँगोमधील न्यीरागाँगो ज्वालामुखीच्या लाव्ह्यात सिलिका सु. ४० टक्केच असून तो अतिशय प्रवाही असतो. १० जानेवारी १९७७ रोजी त्याच्या उतारावर भेगा पडून कुंडातील लाव्ह्याचे सरोवर एका तासाच्या आत रिते झाले आणि वेगवान प्रवाहांत सापडून अनेक लोक मरण पावले. टांझानियातील ओल दोइन्यो लेंगाई ज्वालामुखीच्या लाव्ह्यात तर सिलिका जवळजवळ नसतेच. तो सोडियम व कॅल्शियम यांच्या कार्बोनेटांचा असून त्याचे तापमान केवळ ५०० ते ६०० से. असते. बाहेर पडताना काळा दिसणारा हा लाव्हा हवेतील आर्द्रतेमुळे लवकरच पांढरा पडतो.

स्फोटकता हे धोक्याचे एकमेव माप नव्हे, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. आइसलँडमधील लाकी येथे ८ जून १७८३ पासून सु. आठ महिने चाललेल्या भेगी उद्गिरणात सु. १५ घ. किमी. बेसाल्टी लाव्हा बाहेर पडला. लाव्ह्याच्या प्रवाहांपेक्षा त्याबरोबर निघालेल्या सु. १२ कोटी टन सल्फर डाय-ऑक्साइडाने व फ्ल्युओरीनयुक्त वायूंनी अधिक हानी केली. कुरणे विषारी होऊन गुरे व मेंढ्या मेल्या आणि पुढील दुष्काळात आइसलँडची सु. एक-पंचमांश लोकसंख्या नष्ट झाली.

संघटनापलीकडील घटक : सिलिका अधिक म्हणजे स्फोट आणि कमी म्हणजे शांत प्रवाह हा नियम ढोबळ आहे. त्याला अनेक अपवाद असून ते वायू निसटण्यास किती अवधी मिळतो या कारणाने स्पष्ट होतात. अमेरिकेतील मौंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीत १९८० साली डेसाइटी शिलारस उथळ जागी शिरून त्याची उत्तर बाजू फुगू लागली. १८ मे रोजी भूकंपाबरोबर ही बाजू ढासळली, शिलारसावरील दाब एकाएकी नाहीसा झाला आणि आडव्या दिशेने प्रचंड स्फोट झाला. त्यात ५७ लोक मरण पावले व पर्वताची उंची सु. ४०० मी. कमी झाली. त्याच ज्वालामुखीतून २००४ ते २००८ या काळात बव्हंशी तशाच संघटनाचा डेसाइटी लाव्हा बाहेर पडला. परंतु तो सावकाश वर येत असल्याने त्यातील वायू वाटेतच निसटला आणि केवळ घुमट वाढत राहिला.

चिलीमधील चैतेन ज्वालामुखीचे मे २००८ मधील उद्गिरण याच्या उलट बाजूचे उदाहरण आहे. रायोलाइटी शिलारस दाट असल्याने तो हळूहळू वर येईल व पूर्वसूचनेस अवधी मिळेल, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. चैतेन येथे लोकांना भूकंपाचे पहिले धक्के जाणवल्यानंतर जेमतेम दीड दिवसाच्या आत स्फोट झाला. स्फटिकांवरील पुढील प्रयोगांवरून हा शिलारस पाच किमी. हून अधिक खोलीवरून सु. चार तासांत भूपृष्ठाजवळ आला असावा, असे अनुमान करण्यात आले. विरघळलेल्या पाण्यामुळे खोल जागी त्याची श्यानता कमी राहिली होती.

बेसाल्टी शिलारसही क्वचित तीव्र स्फोट घडवितो. न्यूझीलंडमधील तारावेरा येथे १० जून १८८६ रोजी बेसाल्टी शिलारसाचे स्फोटक उद्गिरण होऊन शंभराहून अधिक लोक मरण पावले. शिलारस अतिवेगाने वर आल्यास बुडबुड्यांना निसटण्यास वेळ मिळत नाही आणि सूक्ष्म स्फटिक झपाट्याने तयार होऊन बेसाल्टही दाट बनतो. बाहेरील पाण्याचा संपर्क हे दुसरे कारण होय. आइसलँडच्या दक्षिणेस नोव्हेंबर १९६३ मध्ये समुद्रातून सर्टसी हे बेट वर आले, तेव्हा समुद्राच्या पाण्याची एकाएकी वाफ होऊन बेसाल्टी शिलारसाच्या ठिकऱ्या उडत होत्या. मुखाशी पाणी पोहोचेनासे होताच तेथे लाव्हा शांतपणे वाहू लागला.

हिम व बर्फ यांमुळेही लहान उद्गिरण घातक ठरते. कोलंबियातील नेव्हादो देल रूईस येथे १३ नोव्हेंबर १९८५ रोजी झालेले उद्गिरण मोठे नव्हते. परंतु शिखरावरील बर्फ वितळून निर्माण झालेल्या चिखलाच्या लोंढ्यांनी आर्मेरो हे गाव गाडले गेले आणि सु. २३,००० लोक मृत्युमुखी पडले. अशा लोंढ्यांना लहार म्हणतात.

शिलारसांचे मिश्रण : सिलिकायुक्त शिलारसाच्या साठ्यात खालून तप्त बेसाल्टी शिलारस शिरल्यास साठा तापतो, त्यातील वायू अलग होऊ लागतात व दाब वाढतो. अनेक मोठ्या उद्गिरणांना अशी चालना मिळाल्याचे आढळले आहे. फिलिपीन्समधील पिनातूबो ज्वालामुखी सु. ५०० वर्षे निद्रिस्त होता. जून १९९१ च्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्या मुखाशी लाव्ह्याचा लहान घुमट दिसू लागला. त्याचा खडक अँडेसाइट असून त्यात ताज्या बेसाल्टाचे तुकडे होते. खोल जागच्या डेसाइटी साठ्यात बेसाल्ट मिसळून तो बनला होता. १५ जून रोजी मुख्य उद्गिरण होऊन राखेचा स्तंभ सु. ३५ किमी. उंचीपर्यंत गेला. स्थितांबरात गेलेल्या सु. दीड ते दोन कोटी टन सल्फर डाय-ऑक्साइडामुळे पृथ्वीचे सरासरी तापमान पुढील वर्षी सु. ०.५ से. ने कमी झाले.

आइसलँडमधील एयाफ्यात्लायोकूत्ल येथे २०१० साली हाच प्रकार वेगळ्या रूपात दिसला. मार्च-एप्रिलमध्ये पर्वताच्या बाजूने बेसाल्टी लाव्हा शांतपणे बाहेर पडला. १४ एप्रिल रोजी शिखराखालील अधिक सिलिकायुक्त शिलारस बर्फाखालून बाहेर पडू लागला आणि स्फोटक उद्गिरणातील बारीक राखेमुळे यूरोपातील विमानवाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली. अवघ्या काही दिवसांत एकाच ज्वालामुखीच्या वर्तनात पडलेला हा फरक संघटन व बर्फाचे पाणी या दोहोंमुळे होता.

भारतातील ज्वालामुखीक्रिया : दख्खनच्या पठारावरील दक्षिण ट्रॅप खडक हे बेसाल्टी भेगी उद्गिरणांचे जगातील एक मोठे उदाहरण आहे. सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून लाव्ह्याचे थरावर थर पसरले. त्यांचे आजचे क्षेत्र सु. ५ लक्ष चौ. किमी. असून त्यांपैकी बहुतांश लाव्हा सु. दहा लाख वर्षांच्या, म्हणजे भूवैज्ञानिक दृष्ट्या अल्प काळात बाहेर पडला. सह्याद्रीतील कड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्या या थरांमुळे बनल्या आहेत. लाव्ह्याचा पृष्ठभाग गोठून त्याखाली द्रव लाव्हा उबदार राहिल्याने व मुळातील श्यानता कमी असल्याने काही प्रवाह शेकडो किमी. दूर जाऊ शकले. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळचे लाव्हा थर याच उद्गिरणांचे असल्याचे मानतात. अनेक थरांत वायूच्या बुडबुड्यांनी झालेल्या पोकळ्या म्हणजे कुहरे आढळतात. वायू स्फोट न करता निसटत होता, याची ती खूण होय. पुढे या कुहरांत झिओलाइट, कॅल्साइट, क्वॉर्ट्‌झ इ. खनिजे साचली, पुणे, नासिक व जळगाव जिल्ह्यांतील झिओलाइटे त्यांच्या सुंदर स्फटिकांसाठी प्रसिद्ध आहेत.

दख्खनमधील सर्वच शिलारस मात्र बेसाल्टी नव्हता. मुंबईच्या साष्टी बेटाच्या पश्चिम भागात आणि गुजरातमधील पावागड येथे रायोलाइटासारखे सिलिकायुक्त खडकही सापडतात. त्यांचे प्रमाण बेसाल्टाच्या मानाने अगदीच अल्प आहे. भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर असून त्याचे खडक बेसाल्ट व बेसाल्टी अँडेसाइट आहेत. दीर्घ काळ निद्रिस्त राहिल्यावर १९९१ मध्ये तो पुन्हा जागृत झाला व त्यानंतर अनेकदा त्याची उद्गिरणे झाली आहेत. त्याच्या उत्तरेकडील नार्कोंडम बेटावरील निद्रिस्त ज्वालामुखीचे खडक मुख्यतः अँडेसाइट व डेसाइट आहेत.

संघटनाचा पूर्वानुमानासाठी उपयोग : एखाद्या ज्वालामुखीच्या जुन्या थरांचे संघटन, विस्तार व वय अभ्यासून त्याच्या भावी वर्तनाविषयी अंदाज करता येतो. पिनातूबोभोवतीच्या जुन्या अग्निदलिक थरांवरून तेथील उद्गिरणे मोठी असतात, हे भूवैज्ञानिकांनी ओळखले होते. मे १९९१ च्या उत्तरार्धात सल्फर डाय-ऑक्साइडाचे उत्सर्जन सु. दसपट वाढून नंतर एकाएकी घटले. वायूंची वाट बंद होऊन दाब साचत असल्याचे ते लक्षण मानले गेले. भूकंपाची नोंद व घुमटाची वाढ यांच्या जोडीने या माहितीच्या आधारे मुख्य उद्गिरणापूर्वी हजारो लोकांना हलविण्यात आले. त्यामुळे जीवितहानी पुष्कळच कमी झाली. तरीही ओल्या राखेच्या भाराने छपरे कोसळून शेकडो लोक दगावले.

उद्गिरण चालू असताना लाव्हा व राख यांचे नमुने तपासल्यानेही मार्गदर्शन मिळते. किलाउएआच्या २०१८ मधील उद्गिरणात लाव्ह्याचे नमुने हवाई विद्यापीठाच्या हीलो येथील प्रयोगशाळेत तातडीने तपासले जात होते. मे महिन्याच्या आरंभी बाहेर पडलेला लाव्हा जमिनीखाली पूर्वीपासून साठून काहीसा थंड झालेला व दाट होता. सतराव्या क्रमांकाच्या भेगेतून तर अँडेसाइट बाहेर पडला. किलाउएआत तो पूर्वी आढळला नव्हता आणि त्या भेगेतील उद्गिरण इतरांहून अधिक स्फोटक होते. पुढे नमुन्यांत अधिक तप्त व ताज्या शिलारसाची लक्षणे दिसू लागली. म्हणजे अधिक प्रवाही व वेगवान लाव्हा येण्याचा संभव होता. आणि तसेच घडून आठव्या क्रमांकाच्या भेगेतील लाव्हा समुद्रापर्यंत पोहोचला. या उद्गिरणात सु. ७०० घरे नष्ट झाली. परंतु लाव्ह्यामुळे कोणी मृत्युमुखी पडले नाही.

स्फटिकांत अडकलेल्या काचेच्या सूक्ष्म कणांवरून शिलारसात मुळात किती पाणी व गंधक होते हे समजते. स्फटिकांच्या एकाबाहेर एक असलेल्या थरांतील रासायनिक बदलांवरून नवा शिलारस साठ्यात शिरल्यापासून उद्गिरण होईपर्यंत किती काळ गेला याचा हिशेब करता येतो. काही ज्वालामुखींत हा काळ वर्षांचा, तर काहींत केवळ दिवसांचा असल्याचे दिसून आले आहे. मात्र अशी तपासणी द्रव्य बाहेर पडल्यावरच शक्य होते. शिलारस खाली असताना तो किती खोल आहे व किती वेगाने वर येत आहे, हे भूकंपलेखक, भूपृष्ठाच्या फुगवट्याची मोजमापे व मुखातील वायूंचे पृथक्करण यांवरूनच ठरवावे लागते. संघटनावरून ज्वालामुखी कोणकोणत्या प्रकारांनी उफाळू शकेल हे कळते. त्यांपैकी कोणता प्रकार केव्हा घडेल याचा निर्णय अखंड निरीक्षणावर अवलंबून असतो. म्हणून वस्तीजवळील ज्वालामुखींच्या बाबतीत हे दोन्ही अभ्यास बरोबरीने चालविले जातात.